कालव्याकाठची तिसरी खिडकी

कॅरी, नॉर्थ कॅरोलिना, १८ ऑगस्ट

मीनाक्षी,

आशीर्वाद घ्यायचा असला तर घे, नाही तर राहू दे पाकिटात.

व्हॉट्सॲपवर तू मला ब्लॉक केलंयस. फोन केला की अनय म्हणतो, "काकू, आई झोपलीये." तुमच्या क्युपर्टिनोत सकाळी अकरा वाजता कोण झोपतं गं? तुझा मुलगा गुणी आहे, पण खोटं बोलायला अजिबात शिकला नाही, विवेकभावजींवर गेलाय. म्हणून आता पोस्टाने लिहितेय. पोस्टमनला काही तू ब्लॉक करू शकत नाहीस.

नमनाला घडाभर तेल नको. कामाचं सांगते. आपली चित्रं दाखवायची पेटी चालली.

हे घर मला एकटीला झेपत नाही. ह्यांच्या माघारी मागच्या अंगणातलं गवत कापायलाच माणूस शोधत फिरते. जानेवारीत मी सीनियर अपार्टमेंटमध्ये जातेय. तिथे दोन खोल्या. पेटी ठेवली तर मला बाहेर झोपावं लागेल. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतल्या एका बाईला फोटो पाठवले होते, ती धावतच आली. आली आणि मला म्हणाली, चित्रांना हात लावण्याआधी प्लीज ते धुऊन या. माझ्याच घरात! इतकी वर्षं आपण चिवड्याच्या हातांनी हाताळली ती चित्रं.

मग तिने मला समजावून सांगितलं. अठराव्या शतकात युरोपातल्या बड्या घरची पोरं रोम, व्हेनिस बघायला जायची आणि येताना आठवण म्हणून त्या शहरांची छापील चित्रं घेऊन यायची. फ्रिजवर लावायला मॅग्नेट नव्हते ना तेव्हा. आणि ज्यांच्या नशिबी प्रवास नव्हता, ती माणसं जत्रेत अशा पेटीच्या भिंगाला डोळा लावून तीच शहरं बघायची. मी नुसती मान डोलावली. आपण त्या दुसऱ्या रांगेतल्या, हे तिला कशाला सांगू? रजा मिळाली की भारत, आणि भारतातून आलो की पुढच्या भारताची तयारी. रोम कुठे बसणार होतं त्यात?

तुला तो शेजारच्या रॅली गावातला जुन्या वस्तूंचा फ्ली मार्केट आठवतो का गं? विकणाऱ्या म्हाताऱ्याला वाटलं होतं ती चित्रं जेवणाच्या ताटाखाली घालायची आहेत. पेटीला तो कोंबड्यांचं खुराडं म्हणाला. तू माझ्या कानात म्हणालीस, "वहिनी, घेऊया." तू आपणहून काही मागितलंस असं मला तेवढं एकदाच आठवतं. दोघे भाऊ किती चिडले होते! आणि मग दोघांनीच आपल्या गराजमध्ये बसून आरसा बदलला, भिंगं घासली, दोरीची कप्पी बसवली. कॅरी तेव्हा किती लहान होतं. शनिवारी दुसरं करण्यासारखं तरी काय होतं!

लायब्ररीतल्या बाईने विचारलं, हे चालतं कसं? मी तिला दाखवलं. समोर तीन भिंगं. आत शहरं एकामागे एक टांगलेली. मागे बसलेल्या माणसाने दोरी ओढली की पुढचं शहर वर जातं आणि त्यामागचं दिसतं. वरची फळी उघडी असली की चित्रात दिवस. फळी मिटून मागून दिवा धरला की चित्रातल्या कापलेल्या, मागून पातळ कागद लावलेल्या खिडक्या उजळतात आणि रात्र होते. ती म्हणाली, म्हणजे दोन माणसं लागतात. म्हटलं, हो. एक बोलणारं आणि एक ओढणारं.

मग मला राहवलं नाही. तिच्यासमोर उभी राहून म्हणूनच दाखवलं. "या, बसा, डोळा लावा! व्हिसा नको, बॅग नको, इमिग्रेशनची रांग नको! हे बघा रोम, कारंज्याशी बसलीये म्हातारी, तिच्या टोपलीत अंजिरं, मागू नका, ती देणार नाही! चला!" त्या "चला"ला दोरी हलायला हवी होती. हलली नाही, कारण मागे कोणीच नव्हतं. फार चमत्कारिक वाटलं मला, मीनाक्षी.

तर ऐक. नोव्हेंबरच्या पहिल्या शनिवारी मंडळाची दिवाळी आहे. दर दिवाळीला करायचो तसा त्या दिवशी शेवटचा खेळ करायचा. नंतर पेटी लायब्ररीत गेली की कपाटात बंद. तू ये. तिकीट अनय काढेल. बोलायचं नसलं माझ्याशी तर नको बोलूस, मागे बसून दोरी ओढ.

तुझी (मान वा न मान) जाऊ,
शोभना


कॅरी, ९ सप्टेंबर

मीनाक्षी,

पत्र पोचलं हे मला माहीत आहे. अनयने कबूल केलं. म्हणाला, "काकू, शी रेड इट. ट्वाइस." दोनदा वाचलंस आणि उत्तर एकदाही नाही. मिठाची गुळणी धरून बसायची तुझी सवय जुनीच आहे.

इकडे माझे काय हाल चाललेत ते वाच. मंडळाचा सेक्रेटरी मिहीर आहे, नागपूरचा, फार्मा कंपनीत डेटाचं काहीतरी करतो. पोरगा चांगला. मला म्हणाला, "काकू, एवढी झंझट कशाला? आपण प्रिंट्स स्कॅन करू, प्रोजेक्टरवर टाकू, मी पाण्याला ॲनिमेशन देतो." म्हटलं, बाबा, तू पाणी हलवलंस तर मी काय करू? मी बोलते म्हणूनच पाणी हलतं. तो हसला, पण मला वाटतं त्याला पटलं, कारण म्हणाला, मग मीच बसतो मागे.

रविवारी तालीम केली. काय सांगू! मी "चला"मधला च म्हणायच्या आत रोम वर. मी म्हातारीच्या अंजिरांवरच होते आणि समोर व्हेनिस. मग म्हटलं, जरा थांबून ओढ, तर इतका थांबला की मी मागे जाऊन बघितलं, हा फोनवर. कोणाशी तरी "हां यार, पाच मिनट" चाललेलं. त्याची चूक नाही. तू काय ऐकून ओढायचीस ते मला स्वतःलाच माहीत नाही. मी कधी श्वास घेणार, कुठलं पोर अजून बघतंय, तुला सगळं मागे बसून कळायचं. मी कधी विचारलंही नाही.

न्यूयॉर्कचं चित्र बघून मिहीर पोट धरून हसला. आपणही पहिल्यांदा अशाच हसलो होतो. उंच टोकदार छपरांची जर्मन घरं, मधे दगडी चौक, टोप घातलेले सैनिक. लायब्ररीतली बाई म्हणाली, ते जर्मनीत छापलंय आणि काढणाऱ्याने न्यूयॉर्क कधी डोळ्यांनी बघितलं नव्हतं. आपल्या गावासारखी घरं काढली आणि वर न्यूयॉर्क लिहून मोकळा झाला. ह्यांनी तेव्हा काय म्हटलं होतं आठवतं? "बरोबर आहे, मी पण साताऱ्याला आईला पत्र लिहितो त्यातली अमेरिका अशीच असते." तेव्हा तू एवढी हसलीस की तुझा चहा सांडला. मला ती तू हवी आहेस.

आता बोलतेच. तू का रुसलीस ते मला ठाऊक आहे. शाल. तू कॅरी सोडलीस त्या वर्षी मंडळाने शाल-श्रीफळ दिलं ते फक्त मला. मला एकटीला स्टेजवर बोलावलं आणि तुझं नाव कोणी घेतलं नाही. पण ते मी ठरवलं होतं का? कमिटीने ठरवलं होतं. त्या वर्षीची कमिटी म्हणजे आनंदीआनंदच होता. आपल्याला दर वर्षी अर्धा तास असायचा, तो त्यांनी बॉलिवुड डान्ससाठी कापला. ऐन वेळी येऊन सांगितलं, काकू, थोडक्यात आटपा. मी बिचारी काय करणार, एकदोन शहरं गाळली, आटपलं, वरून शाल घेतली. दुसऱ्या दिवशी ती शाल मी तुझ्याकडे पाठवली तर तू दारातून परत केलीस. आणि दिवाळी सरते न सरते तोच टाउनहाउस विकायला काढून मुलाकडे निघून गेलीस. एका शालीसाठी! चाळीस वर्षांच्या जावा आपण. आपल्याला सासूने वेगळं केलं नाही, नवऱ्यांनी केलं नाही, एका शालीने केलं, याचा मला अजून राग येतो.

ये म्हणजे झालं.

शोभना


कॅरी, ३० सप्टेंबर

मीनाक्षी,

काल अनयचा फोन आला. मी भाजी फोडणीला टाकत होते, करपली, तरी मी गॅस बंद केला नाही, इतकी खूश झाले. "काकू, आई येतेय." मी म्हटलं, परत म्हण. त्याने परत म्हटलं.

मग म्हणाला, "बट शी हॅज अ कंडिशन. शी वोन्ट पुल द स्ट्रिंग. समोर बाकावर बसणार म्हणते. मधल्या भिंगापाशी. आणि तिला ॲमस्टरडॅम बघायचंय."

समोर बस ना. जरूर बस. इतकी वर्षं तू मागे बसलीस, तुला आता समोरून बघावंसं वाटलं तर त्यात वावगं काय? दोरीला मिहीर आहे. त्याला मी चार तालमी देऊन सरळ करते.

पण ॲमस्टरडॅम कशाला? तुला आठवतंय ना ते? कालवा, काठावर झाडं, झाडांमागे घरं. बस. सगळ्यात नीरस शहर. त्यापेक्षा नेपल्स बघ. ज्वालामुखीला मागून लाल कागद आहे, दिवा धरला की असा पेटतो! लंडनचा पूल बघ. व्हेनिसच्या होड्या बघ. ॲमस्टरडॅमला जरा बुरशीही आलीये. तळघरात दमट होतं. लायब्ररीतली बाई म्हणाली, याला हात लावू नका. बहुतेक ते खेळात घेताच येणार नाही.

तू लवकर ये, आदल्या आठवड्यातच ये. वरची खोली साफ केलीये. तुला लागते तशी कडक उशी आणलीये. कॉस्टकोत हल्ली कढीपत्तासुद्धा मिळतो, तुला माहीत नसेल.

तुझी,
शोभना

ता. क. ॲमस्टरडॅमचं डोक्यातून काढून टाक.


कॅरी, ४ ऑक्टोबर

मीनाक्षी,

मागचं पत्र फाडून टाक. बुरशी वगैरे काही नाही. चित्र लख्ख आहे. झाडांचा हिरवा रंग कोणी काल दिल्यासारखा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं माझं वय नाही आता.

तू ॲमस्टरडॅम का मागितलंस ते मला अनयच्या तोंडून शब्द निघताक्षणी कळलं. तुला राधिका बघायची आहे.

मीनाक्षी, ती तिथे नाही.

आता लिहायला बसलेच आहे तर सगळं लिहिते. तुझी लेक सहा वर्षांची असल्यापासून मधलं भिंग अडवून बसायची. दुसऱ्या पोरांना धक्के मारायची, मी डोळे वटारले तरी हलायची नाही. सगळ्यांना नेपल्स हवं असायचं, हिला ॲमस्टरडॅम. "काकू, ते माझं घर. लाल दाराचं. वरची तिसरी खिडकी माझी रूम." दर वर्षी तेच. शेवटच्या दिवाळीला डोक्यावर केस नव्हते तिच्या, लोकरीची टोपी घालून आली होती. तेव्हाही तिने मला बजावलं, "काकू, माय रूम सांगायला विसरू नको."

पुढच्या वर्षी खेळ करायचाच नाही असं मी ठरवलं होतं. तूच म्हणालीस, करू. तू मागे जाऊन बसलीस. मी बोलत होते, रोम झालं, व्हेनिस झालं, ॲमस्टरडॅम आलं. समोर मधल्या भिंगाला दुसऱ्याच कोणाची तरी मुलगी होती. माझ्या तोंडून आपोआप निघालं, "लाल दाराचं घर बघा, वरची तिसरी खिडकी बघा, खिडकीत उभी आहे एक मुलगी, टोपी घातलेली, बघा बघा, तुम्हाला हात करतेय!" मी काही ठरवून बोलले नव्हते. वाटलं, तू मागून उठून येशील आणि माझ्या थोबाडीत मारशील. तू आली नाहीस. मी "चला" म्हटलं आणि जरा वेळाने दोरी हलली.

मग ते दर वर्षीचंच झालं. आणि गंमत म्हणजे पोरांना ती दिसायची! "आय सी हर! आय सी हर!" करून ओरडायची. मोठी माणसंही म्हणायची, शोभनाताई, हुबेहूब उभी करता हो. मी मनात फुशारायचे, खोटं कशाला बोलू. पण चित्रात कोणी नाही. खिडकी रिकामी आहे. तू कायम मागे होतीस, तुला दिसायची ती चित्राची पाठ. म्हणून तुला वाटत राहिलं की पुढच्या बाजूला अशी कोणी मुलगी छापलेली आहे. तुझा तो समज मी मोडला नाही. घरात तिचं नाव कोणी काढत नव्हतं, विवेकभावजी तर खोलीतून उठून जायचे, मग मी तरी तुला काय विचारणार होते, "अगं, तुला ती खरी वाटते का" म्हणून?

अनयचा फोन ठेवल्यापासून माझी झोप उडालीये. परवा मी काय केलं सांगू? नातवंडांच्या रंगपेटीतला सगळ्यात बारीक ब्रश काढला, भिंग घेतलं, ॲमस्टरडॅम टेबलावर पसरलं. नखाएवढी खिडकी. एक ठिपका टोपीचा, एक ठिपका हाताचा, झालं. म्हटलं, त्या काळी तरी ही चित्रं कोणी रंगवली होती? कारखान्यात ओळीने बायकापोरं बसायची आणि भराभर रंगाचे फटकारे मारायची, लायब्ररीतल्या बाईनेच सांगितलं. न बघता सबंध न्यूयॉर्क काढणारा तो जर्मन चालतो, मग मी एक मुलगी काढली तर काय बिघडलं? ब्रश ओला करून बसून राहिले. तिचा चेहरा कसा होता ते मला आठवेना. टोपी आठवली, धक्के मारणं आठवलं, चेहरा येईना. ब्रश धुऊन ठेवला. मग मी खूप रडले, मीनाक्षी.

मी घातली ती मुलगी तिथे, आणि मला त्याची लाज नाही. पण तू आयुष्यात पहिल्यांदा समोर येऊन बसणार, मधल्या भिंगाला डोळा लावणार आणि रिकामी खिडकी बघणार, हे माझ्याच्याने बघवणार नाही. म्हणून हात जोडून सांगते. ये, पण ॲमस्टरडॅम मागू नकोस. आणि हे वाचून तुला यावंसंच वाटलं नाही, तर तसं कळव. अनयकरवी नको. तू कळव.

शोभना


क्युपर्टिनो, १३ ऑक्टोबर

ती. वहिनींस,
सा. न.

मला तुमच्यासारखं लिहिता येत नाही. जमेल तसं लिहिते.

खिडकीत कोणी नाही हे मला माहीत आहे. पहिल्यापासून माहीत आहे. तुम्ही ज्या दिवाळीला पहिल्यांदा ते बोललात, त्याच्या पुढच्या सोमवारी तुम्ही दोघं कामाला गेल्यावर मी तुमच्या गराजमध्ये गेले, पेटी उघडली आणि ॲमस्टरडॅम बाहेर काढलं. लाल दार सापडलं, तिसरी खिडकी सापडली. रिकामी होती. वहिनी, चित्रांच्या पाठीला पातळ कागद कोण चिकटवत होतं? फाटले की कोण बदलत होतं? ती सगळी चित्रं माझ्या हाताखालून गेलीत. माझा काही समज नव्हता, तुम्ही मोडायला.

रिकामी खिडकी बघून मला वाईट वाटलं नाही. उलट बरं वाटलं. छापलेली असती तर ती कोणाही डच माणसाची मुलगी असती. तुम्ही बोलायचात म्हणून ती आमची होती. ह्यांनी तिचे कपडे देऊन टाकले, फोटो वरच्या कपाटात ठेवले. मी त्यांना दोष देत नाही, त्यांना सोसत नव्हतं. पण अख्ख्या वर्षात एकदा, भरलेल्या हॉलमध्ये, कोणीतरी मोठ्याने म्हणायचं की ती उभी आहे आणि हात करतेय. मी त्यावर वर्ष काढायचे.

आणि पोरांना ती दिसायची, त्याचं सांगते. रागावू नका. तुम्ही "वरची तिसरी खिडकी" म्हणालात की मी मोठा दिवा खाली ठेवायचे आणि ह्यांचा छोटा टॉर्च नेमका त्या खिडकीमागे धरायचे. दुसऱ्या वर्षी मी त्या खिडकीच्या कागदावर मागून टोपीवाल्या मुलीचा एवढासा आकार कापून चिकटवला. हात वेगळा कापला आणि केसाने बांधला. टॉर्च जरा हलवला की हातही हलल्यासारखा दिसायचा. समोरून नुसतं बघितलं तर काही दिसत नाही, मागून उजेड आला तरच. तुम्ही पेटीच्या बाजूला उभं राहून लोकांकडे तोंड करून बोलायचात, म्हणून तुम्हाला कळलं नाही. तुम्हाला आनंद होत होता, म्हणून मीही सांगितलं नाही.

आता शालीचं. मी शालीसाठी रुसेन का? मला तुम्ही एवढंच ओळखलंत?

त्या वर्षी मागे बसून मी टॉर्च हातात घेऊन तयार होते. व्हेनिस झालं. तुम्ही "चला" म्हणालात आणि सरळ म्हणालात, "हे बघा न्यूयॉर्क." मला वाटलं मीच चुकले. मग तुम्ही हळूच मागे वाकून म्हणालात, "ॲमस्टरडॅम सोड, पुढचं घे." मी दोन दोऱ्या एकदम ओढल्या. राधिका न दिसता वर गेली. बाहेर टाळ्या पडल्या, मग तो डान्स सुरू झाला, मी टॉर्च हातात धरून तिथेच बसून होते. तुम्ही एवढंच लिहिलंत की एकदोन शहरं गाळली. कुठली गाळली ते तुमच्या लक्षातही नाही. वहिनी, तुम्ही माझी मुलगी नाचाच्या पाच मिनिटांसाठी गाळलीत.

मला वाटलं, तुम्ही ठरवून गाळलंत. पुरे झालं आता हिचं, किती वर्षं ऐकून घ्यायचं, असं तुमच्या मनात आलं असणार. आणि मी काय म्हणून तुम्हाला विचारणार होते? तसं काही आपण कधी बोललोच नव्हतो. दुसऱ्या दिवशी तुम्ही शाल पाठवलीत. ती बघून मला इतका राग आला की कॅरीत राहावंसंच वाटेना. बोलले असते तर एका दिवसात मिटलं असतं, हे आता मला कळतंय. पण तुमचं चार तारखेचं पत्र येईपर्यंत मला हेच माहीत नव्हतं की तुम्ही ठरवून काहीच केलं नव्हतं. तुम्ही ब्रश घेऊन बसलात ते वाचलं आणि मी अनयच्या किचनमध्ये खाली फरशीवर बसले. तो घाबरला. "आई, काय झालं, डॉक्टरला कॉल करू का?" म्हटलं, नको, मोठ्या काकूचं पत्र आलंय.

मी एवढंच सांगून पाठवलं होतं की मला समोर बसून ॲमस्टरडॅम बघायचंय. कारण राधिका तिथे बसायची आणि तेच बघायची. पेटी लायब्ररीत जायच्या आधी एकदा त्या बाकावर, त्या भिंगापाशी बसावं असं वाटलं होतं. दुसरं काही नव्हतं मनात.

चेहरा आठवत नाही म्हणालात. नाक ह्यांचं होतं आणि बाकी सगळं सासूबाईंचं. हसली की डावा डोळा आधी मिटायचा. मी फोटो घेऊन येतेय. आता ते वर कपाटात नाहीत.

अनयने तिकीट काढलंय, दिवाळीच्या आदल्या आठवड्यातलं. मला घ्यायला तुम्ही स्वतः ड्राइव्ह करून येऊ नका, मिहीरला पाठवा. कढीपत्ता इकडेही मिळतो.

आणि एक ठरवलंय, त्यात बदल करू नका. शनिवारचा खेळ पोरांचा. पण आदल्या दिवशी आपण दोघीच गराजमध्ये पेटी लावायची. मिहीर नको, लायब्ररीतली बाई नको. मी बाकावर नंतर बसेन. आधी तुम्ही बसा. डोळा भिंगाला लावा आणि नेहमीसारखं बोला, काही गाळू नका. मी मागे असेन. वहिनी, जगाला तुम्ही तिला दाखवलंत, पण तुम्ही स्वतः तिला अजून बघितलेलं नाही.

तुमची,
मीनाक्षी